काउंटीत कोण कोणाचं ऐकतं? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात शहराच्या मेयरबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की काउंटीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी घेता येत नाहीत, म्हणून सारखे सारखे आलेले सहा प्रश्न निवडलेत. आधीच एक सांगते, काउंटी म्हणजे राज्याचा साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग, अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमधे तर काउंटीचं सरकारच नाही, काउंटी फक्त नकाशावर आहे. त्यामुळे टेक्सासचं उत्तर वाचून न्यू जर्सीत कोणाशी वाद घालू नका.

प्रश्न : माझे वडील साताऱ्याला महसूल खात्यात मंडळ अधिकारी होते. सध्या आमच्याकडे आलेत आणि फिरायला गेलो की रोज विचारतात, इथला कलेक्टर कोण? मी म्हटलं काउंटी जज असेल. ते म्हणाले जज कसा कलेक्टर असेल? आता मलाच शंका आहे.
– एक वाचक, प्लेनो, टेक्सास

बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर असं की इथे कलेक्टर नाहीच. आपल्याकडे जिल्ह्यात पूर येवो, सातबारा अडो नाहीतर मोर्चा निघो, शेवटी सगळे कलेक्टर कचेरीवर जातात, कारण तिथे वरून नेमलेला एक माणूस बसलेला असतो आणि प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी अशी सगळी साखळी त्याच्या हाताखाली असते. इथे ती साखळीच नाही. लोकांनी वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या कामांसाठी निवडून दिलेली असतात आणि त्यातलं कोणीच दुसऱ्याचा साहेब नसतं.

टेक्सासमधे २५४ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत कमिशनर्स कोर्ट असतं. नावात कोर्ट असलं तरी हे काउंटीचं कारभारी मंडळ, म्हणजे एक काउंटी जज आणि चार कमिशनर. जज संपूर्ण काउंटीतून निवडून येतो, कमिशनर आपापल्या भागातून. हे पाच जण काउंटीचं बजेट पास करतात, काउंटीच्या टॅक्सचा दर ठरवतात, रस्ते बघतात. छोट्या काउंटीत जज खरोखर काही खटलेही चालवतो, मोठ्या काउंटीत त्याचा बहुतेक वेळ कारभारातच जातो. वादळ-पूर आला तर आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी कायद्याने काउंटी जजवर असते, तेवढ्यापुरता तो बाबांच्या कलेक्टरसारखा दिसेल.

पण पुढचं बाबांना मुद्दाम सांगा. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), काउंटी क्लार्क, डिस्ट्रिक्ट क्लार्क (कोर्टाचे कागद सांभाळणारा), टॅक्स असेसर-कलेक्टर (हा फक्त टॅक्स गोळा करणारा), डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, कॉन्स्टेबल, जस्टिस ऑफ द पीस (छोटे खटले चालवणारा) हे सगळे वेगळे निवडून येतात. काउंटी जज शेरीफची बदली करू शकत नाही, त्याला सस्पेंड करू शकत नाही, अमुक केस अशी हाताळ म्हणून हुकूम देऊ शकत नाही. त्याच्या हातात आहे ते बजेट, म्हणजे शेरीफला किती डेप्युटी, म्हणजे हाताखालचे पोलीस, आणि किती गाड्या मिळणार ते कमिशनर्स कोर्ट ठरवतं, त्या डेप्युट्यांनी काय करायचं ते शेरीफ ठरवतो. माझ्या मते काउंटीचं अर्धं राजकारण या एका वाक्यात आहे. शेरीफ कामच करत नसेल किंवा गैरवर्तन करत असेल तर टेक्सासमधे त्याला काढायला डिस्ट्रिक्ट कोर्टात अर्ज करावा लागतो आणि ज्युरीसमोर खटला चालतो, नाहीतर पुढच्या निवडणुकीत पाडायचं.

आणि सातबाऱ्याची आठवण काढतील म्हणून, जमिनीच्या खरेदीखतांची नोंद काउंटी क्लार्ककडे होते. बाबांना एकदा त्या ऑफिसात घेऊन जा, रेकॉर्ड कोणालाही बघता येतं, त्यांना बघायला फार आवडेल.

प्रश्न : प्रॉपर्टी टॅक्स वाढला म्हणून असेसरच्या ऑफिसला फोन केला, ते म्हणाले बिल आम्ही पाठवत नाही. ट्रेझररला केला, ते म्हणाले आम्ही फक्त पैसे घेतो. मग रेट कोण ठरवतं? आम्हाला नुसतं फिरवतायत का?
– एक ताई, शॉमबर्ग, इलिनॉय

नाही ताई, फिरवत नाहीयेत, दोघांनी खरंच सांगितलं. तुमचा राग मात्र मला पूर्ण समजतो, कारण तुमच्या कुक काउंटीत एका टॅक्स बिलावर चार निवडून आलेल्या ऑफिसांचा हात फिरतो आणि हे कोणीच नीट समजावून सांगत नाही.

असेसर घराची बाजारभावाने किंमत ठरवतो आणि राहत्या घराच्या बाबतीत त्याच्या १० टक्के रक्कम असेस्ड व्हॅल्यू म्हणून धरतो. दर तीन वर्षांनी काउंटीच्या एकेका भागाचं नवीन मूल्यांकन होतं, तुमच्या उत्तरेकडच्या उपनगरांचं २०२२ ला झालं आणि मग २०२५ ला. ती किंमत पटली नाही तर आधी असेसरकडेच अपील करता येतं, तिथे नाही जमलं तर बोर्ड ऑफ रिव्ह्यू, त्याचे तीन कमिशनर वेगळे निवडून येतात आणि ते असेसरचा आकडा बदलू शकतात. मग काउंटी क्लार्क. आपल्याला वाटतं क्लार्क म्हणजे लग्नाचं लायसन्स देणारं ऑफिस, पण टॅक्सच्या दराचं गणितही तिथेच होतं. आणि शेवटी ट्रेझरर बिल पाठवून पैसे जमा करतो, वाटून देतो.

आता यातली खरी गोम. हे चौघं मिळूनसुद्धा एकूण किती पैसा गोळा करायचा ते ठरवत नाहीत. ते ठरवतं शाळेचं बोर्ड, व्हिलेज म्हणजे तुमच्या गावाचं स्थानिक सरकार, पार्क डिस्ट्रिक्ट, लायब्ररी, काउंटी बोर्ड वगैरे. प्रत्येक जण सांगतो मला यंदा एवढे पाहिजेत, आणि क्लार्क ती रक्कम सगळ्या घरांच्या व्हॅल्यूवर पसरवतो. सोसायटीचा मेंटेनन्स फ्लॅटच्या चौरस फुटांवर वाटतात ना, तसंच. सगळ्यांचे फ्लॅट कागदावर दुप्पट मोठे दाखवले तर तुमचा मेंटेनन्स वाढत नाही, पण वॉचमनचा पगार वाढला तर वाढतो, किंवा शेजाऱ्याचा फ्लॅट कागदावर लहान झाला तर त्याचा भार तुमच्यावर येतो.

तर एक करा. दुसऱ्या हप्त्याचं बिल हातात घ्या, त्यात कोणत्या संस्थेला तुमचे किती डॉलर गेले आणि मागच्या वर्षी किती गेले होते याची यादी असते. त्यात शाळेची ओळ बघा, बहुतेकांच्या बिलात तीच सगळ्यात मोठी असते. रक्कम तिथे वाढली असेल तर असेसरला फोन करून उपयोग नाही, स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जावं लागेल. पण तुमच्या घराची किंमतच शेजारच्या तशाच घरापेक्षा जास्त लागली असेल तर अपील जरूर करा. वकील लागतोच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने रेकॉर्ड उघडून बघितलं तर त्यांच्या घरात नसलेलं एक बाथरूम कागदावर होतं, कित्येक वर्षं! फोटो जोडून अर्ज केला आणि दुरुस्ती झाली. चौरस फूट, बाथरूम, बेसमेंट, एवढं तरी आपलं आपण तपासावं. मुदत टाउनशिपप्रमाणे, म्हणजे काउंटीच्या भागाप्रमाणे, ठरते आणि ती गेली की गेली, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. राहत्या घरावरची सूट, म्हणजे होमओनर एक्झेम्प्शन, बिलावर दिसतेय ना तेही बघा, राहून गेली असेल तर मागच्या काही वर्षांची दुरुस्ती मागता येते.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांना हे सगळं परकं वाटेल, कारण तिथे १९७८ ला मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे मूळ दर १ टक्का आणि घर विकलं जात नाही किंवा नवीन बांधकाम होत नाही तोवर असेस्ड व्हॅल्यू वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते, तिथल्या असेसरच्या हातात फार काही उरत नाही. न्यू जर्सीत किंमत गावाचा असेसर लावतो आणि अपील मात्र काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे, बहुतेक ठिकाणी १ एप्रिलच्या आत. टेक्सासमधे तर असेसर नाव असलेला माणूस किंमत लावतच नाही, ते काम अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाच्या वेगळ्या संस्थेचं.

प्रश्न : आमच्याकडे काउंटी पोलीस पण आहेत आणि शेरीफ पण. मग फरक काय? आणि शेरीफला मत कशाच्या आधारावर द्यायचं?
– एक वाचक, फेअरफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया

मुंबईत शेरीफ म्हणजे नगरपाल, मानाचं पद, पाहुण्यांच्या स्वागताला जायचं, हातात सत्ता काही नाही. त्यामुळे आपल्या मनात शेरीफ म्हटलं की एकतर ते चित्र येतं नाहीतर घोड्यावरचा वेस्टर्न सिनेमातला. इथला शेरीफ दोन्ही नाही.

फेअरफॅक्समधे गस्त, अपघात, चोरीचा तपास हे काउंटी पोलिसांचं काम आणि त्यांचा चीफ नेमलेला असतो. शेरीफ निवडून येतो आणि त्याच्याकडे तीन मोठी कामं, काउंटीचा तुरुंग, कोर्टाची सुरक्षा, आणि समन्स किंवा घर खाली करायच्या नोटिसा बजावणं. अमेरिकेतल्या बऱ्याच काउंट्यांत मात्र वेगळे काउंटी पोलीस नसतात, तिथे शहराच्या हद्दीबाहेरच्या भागात, ज्याला अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात, ९११ लावलं की शेरीफचीच गाडी येते. आपण नवीन डेव्हलपमेंटमधे घर घेतो, पत्त्यात शहराचं नाव असतं पण घर हद्दीबाहेर असतं, हे फार जणांचं होतं. घर घेण्याआधीच विचारून ठेवा.

मत देताना तुरुंगाबद्दल विचारा असं मी मनापासून सांगेन. काउंटीच्या तुरुंगात बहुतेक माणसं अशी असतात ज्यांचा खटला अजून चाललेलाच नाही, कायद्याने निर्दोष, कोणाला जामिनाचे पैसे भरता आले नाहीत, कोणी मनोरुग्ण आहे, कोणाला इन्शुलिन लागतं. त्यांची रात्र कशी जाते याची जबाबदारी शेरीफची आहे. तुरुंगात डॉक्टर किती वेळ असतो, मागच्या चार वर्षांत आत किती मृत्यू झाले, हे प्रश्न उमेदवाराला विचारायला काहीच हरकत नाही, आणि जो उत्तर टाळतो त्याचंही उत्तर कळतंच.

शेरीफ सगळ्याच राज्यांत निवडला जातो असं नाही, अलास्कात काउंटीच नाहीत त्यामुळे काउंटी शेरीफही नाहीत. आणि इंडियानात शेरीफवरच अटक वॉरंट निघालं तर ते बजावायचं काम कॉरोनरचं, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं. ऐकायला विचित्र वाटतं पण विचार करा, शेरीफच्या डेप्युटीला स्वतःच्या साहेबाला पकडायला कसं सांगणार?

खटला भरायचा की नाही हे शेरीफही ठरवत नाही आणि पोलीसही नाही, ते ठरवतो सरकारी वकील, तुमच्याकडे त्याला कॉमनवेल्थ्स अॅटर्नी म्हणतात, बऱ्याच राज्यांत डिस्ट्रिक्ट अॅटर्नी. तोही निवडून येतो. घरात मारहाण झालेल्या आपल्याच एका बाईबरोबर मी कोर्टात बसले होते, तिला वाटत होतं हा आपला वकील. तो तिचा वकील नव्हता, तो सरकारचा होता. तिने तक्रार मागे घेते म्हटलं तरी केस चालवायची की नाही तो ठरवणार होता. ही गोष्ट आपल्या समाजात कोणीतरी आधी सांगायला हवी. त्याच ऑफिसात पीडितांना मदत करणारी माणसं असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा.

प्रश्न : माझे सासरे मागच्या आठवड्यात गेले. कोणीतरी म्हणालं लगेच सरोगेटकडे जा. तेरावा व्हायचा आहे, घरात माणसं आहेत. तेराव्याच्या आत जायलाच हवं का? आणि सरोगेट म्हणजे काय?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमच्या दुःखात सहभागी आहे. तुम्हाला पत्राने आधीच कळवलं होतं, इतरांसाठी इथे लिहिते.

तेराव्याच्या आत जायची गरज नाही. न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस गेल्याशिवाय सरोगेट मृत्युपत्राला मंजुरी देऊच शकत नाही, अकराव्या दिवसापासून देता येते, त्यामुळे घरचे विधी शांतपणे होऊ द्या. प्रत्येक काउंटीत एक सरोगेट असतो, पाच वर्षांसाठी निवडून येतो, मृत्युपत्र तपासून एक्झिक्युटरला, म्हणजे ते अमलात आणणाऱ्याला, अधिकारपत्र देणं, मृत्युपत्र नसेल तर अॅडमिनिस्ट्रेटर नेमणं हे त्याचं काम. जाताना मूळ मृत्युपत्र न्या, झेरॉक्स चालत नाही, आणि मृत्यूचा सर्टिफाइड दाखला. दाखला काउंटीत मिळत नाही, जिथे मृत्यू झाला त्या गावाच्या रजिस्ट्रारकडे किंवा राज्याकडे मिळतो, जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा, बँक आणि इन्शुरन्स प्रत्येकजण मूळ प्रत मागतो. कोणी हरकत घेतली किंवा घरात वाद असेल तर सरोगेट स्वतः निकाल देत नाही, ते प्रकरण सुपीरियर कोर्टात जातं.

प्रश्न : बॅलटवर एवढी पदं असतात, ड्रेन कमिशनरसुद्धा! आम्ही वरचं मत देतो आणि खालचं सोडून देतो. चुकतंय का?
– एक जोडपं, मिशिगन

हो, चुकतंय. रागावू नका, पण स्पष्टच सांगते.

वरच्या पदाला लाखो मतं पडतात, खालच्या पदांना तीच माणसं मत देत नाहीत, म्हणून तिथे थोड्या मतांनी निकाल फिरतो. म्हणजे तुमच्या मताला सगळ्यात जास्त किंमत जिथे आहे तेच तुम्ही कोरं सोडताय. आणि ड्रेन कमिशनरला हसू नका, मिशिगनमधे काउंटीचे नाले आणि पाण्याचा निचरा त्याच्याकडे, बेसमेंटमधे पाणी शिरलं की त्याचं नाव सगळ्यांना पाठ होतं, शिवाय त्या कामाचा खर्च तो त्या भागातल्या घरांवर लावू शकतो.

निवडणुकीच्या काही आठवडे आधी काउंटी क्लार्कच्या वेबसाइटवर किंवा राज्याच्या साइटवर तुमच्या पत्त्याचं नमुना बॅलट बघायला मिळतं. ते प्रिंट करा, चहा घेऊन एक संध्याकाळ बसा, प्रत्येक पदासमोर एकच प्रश्न लिहा, या माणसाच्या हातात नक्की काय आहे? लीग ऑफ वुमन व्होटर्स ही संस्था उमेदवारांची उत्तरं छापते, ती वाचा. क्लार्कच्या पदाला उभा असलेला माणूस इमिग्रेशनवर भाषण देत असेल तर त्याला विचारा की निवडणुका आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी कशा सांभाळणार, कारण काम ते आहे. आणि सगळ्या निवडणुका प्रेसिडेंटच्या वर्षातच होतात असं समजू नका, व्हर्जिनियात काउंटीच्या बऱ्याच निवडणुका विषम वर्षांत असतात, २०२३ ला झाल्या, पुढच्या २०२७ ला.

प्रश्न : मी एच-वन-बी वर आहे, बायको ग्रीन कार्डवर. मत देता येत नाही म्हणजे काउंटीत आम्हाला काहीच आवाज नाही ना? टॅक्स तर भरतो.
– एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

आधी धोक्याची गोष्ट. लायसन्स काढताना मतदार नोंदणी करायची का असं विचारतात, तिथे चुकूनही हो म्हणू नका आणि नागरिक असल्याच्या चौकटीत खूण करू नका. नागरिक नसताना नागरिक म्हणून नोंद झाली तर ग्रीन कार्ड, पुढचं नागरिकत्व, सगळंच अडचणीत येतं, चुकून झालं म्हणून सहज सुटका होत नाही. चुकून झालं असेल तर स्वतः काही पत्रव्यवहार करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

आता आवाजाबद्दल. काउंटी बोर्डाच्या मीटिंगमधे बोलायला नागरिकत्व लागत नाही. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स असतं, लॉस अँजेलिससारख्या सुमारे एक कोटी वस्तीच्या काउंटीतसुद्धा आजवर पाचच सुपरवायझर होते, २०२४ ला मतदारांनी ते नऊ करायचं ठरवलं. विचार करा, एका सुपरवायझरमागे वीस लाख माणसं, तरी त्यांच्या मीटिंगला जाऊन कोणालाही माइकसमोर उभं राहता येतं. बजेटची सुनावणी सगळ्यात महत्त्वाची, कॅलिफोर्नियात आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं म्हणजे मे-जूनमधे कान उघडे ठेवा, टेक्सासमधे बऱ्याच काउंट्यांचं ऑक्टोबरला, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर.

मी स्वतः ग्रीन कार्डवर असताना पहिल्यांदा गेले होते. आमच्या घराजवळ शाळेच्या वळणावर झेब्रा पट्टे पुसले गेले होते आणि गाड्या थांबायच्या नाहीत. आठ महिने मी शहराला ईमेल करत होते, उत्तर यायचं की नोंद घेतली आहे. शेवटी तिथल्याच एका क्रॉसिंग गार्ड आजोबांनी सांगितलं की हा रस्ता शहराचा नाहीच, काउंटीचा आहे. मग काउंटी बोर्डाच्या मीटिंगला गेले, दारात एक चिठ्ठी भरायची, नाव आणि विषय, बास. माइकसमोर छोटा दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. तीन मिनिटं मिळाली. माझे पाय थरथरत होते, लिहून नेलेला कागद दोन मिनिटांतच संपला. कमिशनर काहीच बोलले नाहीत, मला वाटलं वाया गेलं, पण बाहेर आल्यावर त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी मागे आली आणि रस्त्याचं नाव, वळणाचा फोटो, माझा फोन नंबर घेऊन गेली. पुढच्या महिन्यात मी परत गेले, या वेळी शाळेतल्या चार आया बरोबर होत्या, त्यातल्या दोघी व्हिसावर. ऑक्टोबरमधे एका सकाळी मुलाला सोडायला गेले तर रस्त्यावर शंकू लावलेले होते आणि दोन माणसं पट्टे रंगवत होती.